यंत्र कांदे निवडेल, असं मी म्हणाले

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या रोबोटिक्स टीमसाठी पैसे जमवायचं काम माझ्याकडं आलं. मला पैशातलं काही कळत होतं म्हणून नाही. टीममध्ये चौदा जण होतो, त्यातले तेरा अनोळखी माणसासमोर बोलायला कचरायचे आणि मी शाळेत असताना वक्तृत्वाची दोन-तीन बक्षिसं मिळवली होती, एवढंच कारण.

स्पर्धा पुण्याला होती. कड्या उचलायच्या आणि ठरावीक अंतरावरच्या खुंट्यांवर फेकायच्या, असं यंत्र करायचं होतं. प्राचार्यांनी सांगितलं की प्रवेश फी कॉलेज भरेल, काम करायला खोली देईल, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. खोली म्हणजे बॉयलर लॅबच्या मागची मोडक्या बाकांची कोठी होती. बाकं आम्ही बाहेर काढली. यंत्राचा सांगाडा आमच्या कॅप्टनच्या दुकानात फुकट झाला. तो शहागंजकडचा, त्याचे अब्बा लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचे. पण चार मोटरी आणि त्या चालवणारे बोर्ड कुणाच्या दुकानात होत नव्हते. आम्ही आपसात वर्गणी काढली. आमच्यातल्या एकीनं वर्गणीसाठी महिनाभर मेसचा एक वेळचा डबा बंद केला होता, हे आम्हाला फार नंतर कळलं.

मी एक फाइल केली. क्रांती चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट काढून ती स्पायरल करून घेतली. तिच्यात सुवर्ण, रौप्य आणि कांस्य असे प्रायोजकांचे तीन प्रकार होते. किती पैशाला यंत्रावर किती मोठं नाव लागेल, याचा तक्ता होता. ती फाइल घेऊन मी आणि कॅप्टन त्याच्या मोटरसायकलवर वाळूजच्या एमआयडीसीत हिंडायला लागलो.

बहुतेक कंपन्यांत आम्ही गेटच्या पुढं गेलोच नाही. वॉचमन रजिस्टर पुढं करायचा आणि कुणाला भेटायचंय ते लिहा म्हणायचा. आम्हाला कुणाचंच नाव माहीत नसायचं. नाव नाही तर एन्ट्री नाही. काही ठिकाणी आतून फोनवर निरोप यायचा, मेल करा. आम्ही मेल करायचो. एका कंपनीत मात्र एका साहेबांनी आम्हाला बसवलं, चहा दिला आणि अर्धा तास सगळं ऐकून घेतलं. चांगले प्रश्न विचारले. शेवटी शिपायाला हाक मारून आम्हाला पाच डायऱ्या दिल्या. बाहेर येऊन बघितलं तर त्या मागच्या वर्षाच्या होत्या. त्यातल्या एका डायरीत मी पुढं सगळे हिशेब लिहिले.

द्यायला तयार असलेलेही दोघं भेटले. त्यांना चेक कॉलेजच्या नावानं द्यायचा होता, कारण त्यांना पावती लागत होती. आम्ही आनंदानं कॉलेजच्या ऑफिसात गेलो. तिथल्या क्लार्कनं शांतपणे समजावून सांगितलं की असा चेक आला तर तो आधी जमा होईल, मग समितीपुढं जाईल, समितीची बैठक सेमिस्टर संपल्यावर असते. म्हणजे पैसे मिळाले असते, पण स्पर्धा होऊन गेल्यावर. त्या दोघांना आम्ही परत फोन केला नाही.

गारखेड्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक कोचिंग क्लास होता. त्याच्या मालकांनी स्वतःहून बोलावलं. ते लागेल तेवढं द्यायला तयार होते. अट एकच होती, चौदा जणांचे फोटो त्यांच्या होर्डिंगवर त्यांचे विद्यार्थी म्हणून लागतील. आमच्यातलं कुणीच त्यांच्याकडं शिकलेलं नव्हतं. खोलीत बसून आम्ही यावर बोललो. दोघं हो म्हणत होते. मी नाही म्हणाले, आणि बरंच बोलले. खोटं सांगून मिळवलेल्या पैशावर यंत्र पळवायचं असेल तर मी टीममध्ये नाही, इथपर्यंत. वक्तृत्वाचा उपयोग झाला. आम्ही नकार कळवला.

मार्च संपत आला तरी मोटरी आल्या नव्हत्या. वडील पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. कुणाकडं काही मागायचं म्हटलं की ते गप्प व्हायचे. एक दिवस जेवताना त्यांनी आपणहून त्यांच्या शाळेतल्या मित्राचा विषय काढला. ते वैजापूरला कांद्याचे व्यापारी होते. वडील म्हणाले, "मी फोन करतो. पण मागायचं तुझं तू."

मी आणि कॅप्टन एसटीनं वैजापूरला गेलो. उन्हाळ कांद्याची आवक सुरू झाली होती. मार्केट यार्डात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या आणि लिलाव एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडं सरकत होता. काकांचं ऑफिस यार्डाच्या मागं, त्यांच्याच शेडला लागून होतं. काचेच्या खिडकीतून आतली शेड दिसायची. पत्र्याखाली कांद्याचे ढीग होते आणि ढिगांभोवती वीसेक बाया गोणपाटावर बसून कांदा निवडत होत्या. मोठा एकीकडं, मध्यम एकीकडं, लहान म्हणजे गोल्टी तिसरीकडं.

काकांनी आधी वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली. मग फाइल हातात घेतली, पानं उलटली आणि मिटून टेबलावर ठेवली. यंत्र काय करतं, असं विचारलं. मी सांगितलं की ते कडी उचलतं आणि खुंटीवर फेकतं.

"बरं. मग?"

मग गुण मिळतात, असं मी म्हणाले. बोलताना मला स्वतःलाच ते पोकळ वाटलं. काकांनी मान हलवली. ते हसले नाहीत. काही वेळ काचेतून शेडकडं बघत राहिले आणि म्हणाले, "कांदा उचलील का त्ये?"

मी त्या वेळी नाही म्हणू शकले असते. आमचं यंत्र कांदा उचलू शकत नव्हतं. त्याला कांदा आणि बटाटा यांतला फरकही कळला नसता, कारण त्याला काही दिसतच नव्हतं. खुंट्या कुठं आहेत ते आम्ही आधीच मोजून त्यात भरलेलं होतं. पण दोन महिन्यांत एवढा थेट आणि कामाचा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता.

"उचलेल," मी म्हणाले. "निवडेलही. लहान-मोठा वेगळा करेल. थोडे बदल करावे लागतील."

"कधी होईल?"

"स्पर्धा झाली की लगेच."

मग मी आणखी बोलले. मिनिटाला किती कांदे होतील, तेही सांगितलं. तो आकडा कुठून आला, मला आजही सांगता येणार नाही. कॅप्टन शेजारी बसून चहाच्या कपाकडं बघत होता. काका उठले, आत गेले आणि पैसे घेऊन आले. चारही मोटरी येतील एवढे होते. यंत्रावर तुमचं नाव कुठं लावू, असं मी विचारलं तर ते म्हणाले, "नाव काय करायचंय मला. आधी यंत्र होऊ द्या."

परतीच्या एसटीत एक-दोन थांबे गेल्यावर कॅप्टन म्हणाला, "कांदे कायकू बोली तू?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ते खरं होतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मोटरींची ऑर्डर दिली. टीममध्ये मी एवढंच सांगितलं की वडिलांच्या मित्रानं मदत केली.

पुण्यात आमचं यंत्र पहिल्या फेरीत चांगलं पळालं. दुसऱ्या फेरीत मधेच थांबलं आणि त्यातून जळका वास आला. एक बोर्ड गेला होता. शेजारच्या टीमकडं एक अख्खी पेटी भरून सुटे बोर्ड होते, अंगात सगळ्यांच्या एकसारखे टी-शर्ट होते आणि टी-शर्टाच्या पाठीवर सात-आठ कंपन्यांची नावं होती. त्यांनी एक बोर्ड देऊ केला, पण तो आमच्या मोटरींना चालत नव्हता. उरलेल्या दोन फेऱ्या आम्ही यंत्र नुसतं जागेवर उभं करून काढल्या, कारण हजर राहिलं नाही तर बाद धरत होते. भाड्याच्या टेम्पोतून ते परत आणलं आणि कोठीत ठेवलं. परीक्षा आल्या. कांद्याचा विषय माझ्या मनातून गेला नव्हता, पण काका विसरले असतील अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचा वडिलांना फोन आला. वडील फोन ठेवून स्वयंपाकघरात आले आणि मला विचारलं, "कुठलं यंत्र?"

मी सगळं सांगितलं. आई पोळ्या लाटायची थांबली. वडील रागावले नाहीत. पाणी पिऊन त्यांनी भांडं जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "उद्या जाऊन सांग त्याला. मी येणार नाही."

मी एकटीच जाणार होते. पण कॅप्टनला कळवलं तेव्हा तो म्हणाला, मैं भी तो वहींच बैठा था, आणि सकाळी बसस्टँडवर माझ्या आधी येऊन थांबला.

काका आम्हाला बघून खूश झाले. त्यांनी शेडमध्ये एक कोपरा मोकळा करून ठेवला होता. तिथं लाइटचं नवीन कनेक्शन ओढलेलं होतं. आधी तो कोपरा दाखवायला ते आम्हाला घेऊन गेले, त्यामुळं जे सांगायचं होतं ते मला ऑफिसात बसून नाही, तिथं उभं राहून सांगावं लागलं. असं यंत्र नाही, मी म्हणाले. तेव्हाही नव्हतं. आमच्याच्यानं होणारही नाही. मी पैशासाठी खोटं बोलले.

काका भिंतीवरच्या नव्या लाइटच्या बोर्डाच्या बटणाकडं बघत होते. त्यांनी एकदा ते दाबलं, परत बंद केलं. मग त्यांनी जे सांगितलं त्याची मला कल्पना नव्हती. दिवाळीच्या सुमारास नाशिककडच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना कांदा निवडायचं जुनं मशीन देऊ केलं होतं. चालू होतं, भावही बरा होता. काकांनी नको म्हणून कळवलं. आपल्या मित्राची पोरगी करतीय, असं यार्डातल्या दोन-तीन जणांना सांगूनही टाकलं होतं.

"नाय म्हणाली असतीस तरी दिले असते मी," ते म्हणाले. "तुझ्या बापाचा फोन आला होता, त्यावर दिले असते. पण मग वाट नसती बघितली."

मी पैसे परत करायचं बोलले. कॅप्टननंही हप्त्याहप्त्यानं देतो असं सांगितलं. काकांनी हातानंच थांबवलं. लिलावाची वेळ झाली होती. जेवून जा, असं म्हणून ते यार्डाकडं निघून गेले.

आम्ही लगेच निघू शकलो नाही. जेवून जा म्हटल्यावर न जेवता जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. त्यांच्या माणसानं शेडच्या कडेला दोन खुर्च्या ठेवल्या आणि आम्ही तासभर बाया काम करताना बघत बसलो. मी तेवढा वेळ हे काम कधी बघितलेलं नव्हतं. कांदा हातात आला की त्या तो कुठल्या ढिगात टाकायचा ते बघून ठरवत नव्हत्या. बोटांनीच ठरवत होत्या. आतून सडलेला कांदा दाबल्याबरोबर कळायचा. दोन कांदे चिकटून आलेला जोड कांदा तळहातावर नुसता फिरवून बाजूला जायचा. त्या सगळा वेळ एकमेकींशी बोलत होत्या, कुणाच्या तरी लग्नाचं.

आमच्या जवळ बसलेल्या वयस्कर बाईनं मला विचारलं, "ताई, ते यंत्र तुम्हीच आणणार हाय ना?"

नाही मावशी, मी म्हणाले, ते काही होत नाही.

तिनं हातातला कांदा टाकला आणि पलीकडच्या दोघींना मोठ्यानं सांगितलं, "नाय येणार म्हणं." त्या दोघींनी पुढं सांगितलं. शेडमध्ये ते शेवटपर्यंत गेलं. वर्षभर या बाया त्या कोपऱ्याकडं बघत काम करत होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मावशींनी मला गोणपाट सरकवून जागा करून दिली. मी खाली बसले आणि जेवण येईपर्यंत कांदे निवडले. माझे निम्मे कांदे तिनं उचलून दुसऱ्या ढिगात टाकले.

शेवटच्या वर्षीही पैशाचं काम माझ्याकडंच होतं, कारण दुसरं कुणी घेत नव्हतं. फाइल मी नव्यानं लिहिली. पहिल्याच पानावर घातलं की हे यंत्र स्पर्धेसाठी आहे, याचा इतर काही उपयोग नाही. उपयोग असेल तर तो ते तयार करणाऱ्या मुलांना. खालच्या वर्गातल्या मुलांना हे वाक्य काढून टाकायचं होतं. मी ठेवलं. त्या वर्षी आदल्या वर्षीपेक्षा कमी पैसे जमले. आम्ही दोन मोटरी नवीन घेतल्या, दोन जुन्याच लावल्या आणि या वेळी यंत्र तिसऱ्या फेरीपर्यंत पळालं.

काकांनी पुढच्याच हंगामात तसं निवडायचं मशीन दुसरीकडून घेतलं, असं वडिलांकडून कळलं. जास्त भावानं घेतलं. शेडमधल्या किती बाया राहिल्या, ते मी विचारलं नाही. पाडव्याला त्यांचा वडिलांना अजूनही फोन येतो. माझी नोकरी, माझी तब्येत, सगळं विचारतात. यंत्राचं विचारत नाहीत.