पट्टे सोड, कणा बघ

झाशीच्या सदर बाजारात भाजी घेत होते, तेव्हा रितूचा फोन आला. "आंटी, अम्माजी नहीं रहीं..." रितूच्या सासूबाई म्हणजे आमच्या वसुधाताई. झाशीच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि दतिया गेटजवळच्या आपल्या घरी झोपेतच गेल्या. त्याला आता महिना होऊन गेला.

यजमानांची बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून इथं आलो आणि मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. ताईंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून मी हरखले, तर त्यांनी मला सरळ प्रयोगशाळेत नेऊन दोन बरण्या पुढं ठेवल्या. दोन्हींत काळसर साप, अंगावर पांढरे पट्टे. "सांग बरं, यातली मण्यार कोणती?" मी अंदाजानं एकीवर बोट ठेवलं. "अगं, पट्टे सोड, पट्टे फसवतात. कणा बघ!" विषारी मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. बिनविषारी कवड्याला ती नसते. माझं बोट कवड्यावर होतं. ताई मनमोकळं हसल्या. चूक झाली तर त्या हसत, पण न बघता बोललेलं त्यांना मुळीच खपत नसे.

एका पावसाळ्यात सकाळीच मी त्यांच्याकडे गेले होते. शेजारच्यांनी हाक मारली म्हणून आम्ही दोघी तिकडं गेलो, तर त्यांची सून कमला पहाटेपासून पोट धरून बसली होती. तिच्या अंथरुणात एक बारीकसा साप सापडला, तो घरच्यांनी मारला होता. कमलाच्या अंगावर ना सूज, ना दंशाची खूण. तिचे सासरे म्हणत होते, "छोटो-सो साँप आय, ईमें बिस नइयाँ." एवढ्याशा सापाला विष नसतंच, अशी त्यांची खात्री होती. ताईंनी काठीनं साप सरळ केला, वाकून पाठ पाहिली. मग तो उलटा करून शेपटीखालचे खवले पाहिले. दुभंगलेले नव्हते, मण्यारीचे असतात तसे एकेरी होते.

"करैत है. गाड़ी निकालो."

"बहनजी, पहले झाड़ा करवा लें?" सासऱ्यांना आधी मंत्रानं विष उतरवणारा आठवला.

"झाड़ा लौटकर करवा लेना. अभी अस्पताल!"

गाडीत बसवेपर्यंत कमलाच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. दवाखान्यात तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं... पण ती वाचली, आणि काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी आली. नंतर मी विचारलं, "ताई, तुमची ओळख चुकली असती तर?"

"अंदाज केला असता तर चुकले असते. मी पाहिलं होतं."

गेल्या आठवड्यात रितूकडे गेले. ताई रोज तिन्हीसांजेला ओसरीवरचा दिवा लावून ठेवत, त्यावर येणारे किडे खायला पाली जमत. "त्यांची जेवायची वेळ आहे," असं त्या म्हणत. पालीला भिणारी रितू त्यावरून त्यांच्याशी कितीदा तरी भांडली होती. त्या संध्याकाळी बोलता बोलता तीच उठली आणि तिनं दिवा लावला. थोड्या वेळानं एक पाल उजेडात आली. तिच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसत होती.

"आंटी, देखिए... अंडेवाली है," रितू हळूच म्हणाली. पदर आवरून ती मागं सरकली, पण दिवा तिनं मालवला नाही.