पिकअपचा निरोप समारंभ

"तिला इचारून सांगतो."

वाटूर फाट्यावर कुणीही भाडं घेऊन आलं, की मामांचं हे ठरलेलं उत्तर. मग ते आपल्या जुन्या पिकअपभोवती एक चक्कर मारायचे, टायरला पाय लावून पाहायचे, बॉनेटजवळ कान न्यायचे आणि परत येऊन निकाल द्यायचे. "परतूरला येती म्हणती. जालन्याचं आज जमत न्हाई म्हणती."

नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ बायकोला विचारून कामं घेतो, केवढा सुधारलेला. मामींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला ह्यांनी उभ्या जल्मात एकच इचारलं. चावी दिसली का?"

माझं फ्लेक्स छापायचं दुकान मामांच्या गाडीच्या जागेला लागून. त्यामुळे तुम्ही बाजाराला येता-जाता जेवढं पाहिलं असेल, ते मी दिवसभर पाहिलेलं आहे. एका निवडणुकीत दोन्ही पॅनलनी एकाच दिवशी गाडी सांगितली. मामांनी डाव्या बाजूला एकाचा झेंडा लावला, उजव्या बाजूला दुसऱ्याचा. लोक चिडले, तर म्हणाले, "तिला दोन कान हायेत. दोघांचं बराबर ऐकती." एकदा जांब समर्थला दर्शनाला निघालेली मंडळी चढावर उतरवली आणि वर सांगितलं, "देवाकडं पायी गेलेलं बरं असतं." मंडळी पुढे चालली, गाडी मागून रिकामी आली.

पण धनगर वस्तीवरची एक सून अडली होती, तेव्हा त्यांनी गाडीला काहीही विचारलं नाही. बोलावलेली अ‍ॅम्ब्युलन्स 'निघाली आहे' एवढंच फोनवर कळत होतं. मामांनी मागं गादी टाकली, सासूला बसवलं आणि जालन्याची वाट धरली. हॉर्न कधीचा बंद होता. जालन्यात शिरल्यावर मस्तगडच्या गर्दीत खिडकीतून डोकं काढून मामा स्वतःच ओरडत गेले, "बाजू व्हा, बाळंतीण हाये." पोर दवाखान्यात पोचल्यावर झालं. मामा आठवडाभर घोगऱ्या आवाजात ही हकिकत सांगत होते आणि सगळं श्रेय गाडीला देत होते.

मग गेल्या उन्हाळ्यात ब्रेक लागला नाही. गाडी उतारावरून हळूहळू सरकत आली आणि चहाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर चढली. बाकडं मोडलं. थोड्या वेळापूर्वी तिथं शाळेच्या पोरी एसटीची वाट पाहत बसल्या होत्या. मामा खाली उतरले आणि मोडक्या फळ्यांकडे बघत उभे राहिले. मेस्त्री म्हणाला, नवीन सामान टाकून अजून वर्षभर निघेल. मामांनी नको म्हणून मान हलवली.

"बस झालं. भंगारात देऊन टाकतो."

"तिला इचारलं का?" टपरीवाल्यानं सवयीनं विचारलं.

"न्हाई," मामा म्हणाले. "ह्या टायमाला न्हाई इचारलं."

इतकं झाल्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण आपल्याकडे एक भाऊ आहेत. त्यांच्या नावाआधी 'भावी' हा शब्द मी इतकी वर्षं छापतोय, की ते त्यांचं पाळण्यातलं नाव वाटावं. गावाची सेवा केलेल्या गाडीला निरोप दिलाच पाहिजे, असं त्यांनी जाहीर केलं. फ्लेक्सची ऑर्डर माझ्याकडेच आली. मधोमध भाऊंचा फोटो, वर त्यांच्या नेत्यांचे, खाली त्यांच्या कार्यकर्त्यांचे. मामा छपाई पाहायला आले. बराच वेळ शोधून म्हणाले, "ही कुठंय?" मी कोपऱ्यात बोट ठेवलं. दोन कार्यकर्त्यांच्या खांद्यांमधून गाडीचा एक दिवा दिसत होता.

समारंभात गाडीला हार घातला. शाल मात्र भाऊंनाच दिली गेली. भाऊ बोलले. "ही गाडी म्हणजे माझ्याच कार्याचं रूप आहे. ती कधी थांबली न्हाई, मी बी थांबलो न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, "धक्का दिल्याबिगर ती बी चालत न्हाई."

भाऊंनी हिरवी झेंडी दाखवली. गाडी सुरू होईना. फोटोवाले तयार होते, त्यामुळे भाऊंना पांढऱ्या कपड्यांत धक्का मारावा लागला. गाडीनं निघताना त्यांच्या अंगावर असा काळा धूर सोडला, की मला तो फोटो छापण्याआधी बराच उजळावा लागला.

मामांनी मला सोबत चल म्हटलं होतं. मेस्त्रीनं ब्रेक तात्पुरता जोडून दिला होता, म्हणून जालन्यापर्यंत ते हळूहळूच चालवत गेले. भंगारच्या गोदामात एकावर एक गाड्या रचलेल्या होत्या. मालकानं हात पुढे केला. "चाचा, चावी."

मामांनी चावी दिली. "हिचं काय करता आता?"

"दाबून गठ्ठा. मंग भट्टीत. वितळून सळई होती."

"सळई."

"हां. लोक घरं बांधून राह्यले, त्येच्यात जाती."

"घरात जाती म्हणा की," मामा म्हणाले आणि मागं न बघता फाटकाबाहेर चालू लागले. एसटीत त्यांनी माझं तिकीट मला काढू दिलं नाही.

मामांच्या पोरानं नवी गाडी घेतली. तिला धक्का लागत नाही आणि काही विचारावंही लागत नाही. ती पोरगाच चालवतो. मामा फाट्यावर यायचे जवळजवळ बंदच झाले.

परवा ते मला दिसले. गावाच्या तोंडाशी भाऊंनी कमान बांधायला काढली आहे, अर्थात स्वतःच्याच नावाची. जालन्याहून सळया आल्या होत्या. मामा बाजूला दगडावर बसून होते. ते काही भोळे नाहीत. एवढ्या लोखंडात कुठली गाडी कुठं गेली हे कुणालाच सांगता येत नाही, एवढं त्यांनाही कळतं.

बाहेरगावचा एक कारागीर सळया वाकवत होता, झटक्यासरशी.

"जरा हळू वाकीव, बाबा," मामा म्हणाले.

त्याला बोली कळली नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हातानं हळू अशी खूण केली. तो जरा गोंधळला, पण पुढची सळई त्यानं खरंच सावकाश वाकवली. मामा ती पुरी वळेपर्यंत बघत राहिले.