फक्त वल्ह्यांच्या होड्या

माझा भाऊ पर्नेल कॉर्निश. वय एकाहत्तर, त्यातली पंचावन्न वर्षं चेसापीकच्या खाडीत खेकडे धरण्यात गेली. मी इडेला, त्याची धाकटी बहीण. त्याने आणलेले खेकडे सोलून सोलून माझी बोटं वाकडी झालीत, तेव्हा मला कुणी शहाणपण शिकवू नये.

आमच्या वस्तीला पाण्यात उतरायला एकच जागा, कालवांच्या शिंपल्यांची भर घातलेला उतार. त्याच्या हक्काचा कागद कुणाकडेच नव्हता. शेजारच्या जमिनीच्या नव्या मालकाने तिथे साखळी लावली आणि पर्नेलची इंजिनाची बोट अंगणात अडकली. बोट अडकली म्हणजे पोटच अडकलं.

मग जुना जलमार्ग जपणाऱ्या संस्थेची मेगन आली. पोरगी गोड हो, खोटं कशाला बोलू? म्हणाली, "कॅप्टन पर्नेल, हा उतार पूर्वापार सगळ्यांचा आहे, एवढंच सुनावणीत सांगा. बाकी आम्ही लढतो."

पर्नेल चर्चचा कोट घालून गेला. एकदा रंगात आला की त्याला आवरणं कठीण. छाती फुगवून म्हणाला, "माझा आजा इथूनच वल्ह्यांनी होडी काढायचा! इंजिनाचा आवाज या काठाला ठाऊक नव्हता. आमच्या माणसांना इंजिन लागतंय कशाला?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या, मेलीने!

आम्ही जिंकलो. साखळी निघाली आणि पाटी लागली. उतार सर्वांना खुला, काठ पूर्वी होता तसाच राखणार, फक्त वल्ह्यांच्या होड्यांना परवानगी.

पर्नेल बोट घेऊन गेला आणि तसाच परत आला. मी मेगनला फोनवर फाडून खाल्लं. ती रडवेली झाली. "मिस इडेला, निकालात कॅप्टनचेच शब्द घेतलेत. मी काय करू?"

"तू काय करणार, बाई! तुझा काठ वाचला. माझा भाऊ बुडाला."

दुसरा उतार तेवीस मैलांवर, आणि तिथे खेकडेवाल्यांना उभं करत नाहीत. वल्ही मारायला पर्नेलचा खांदा साथ देत नाही. शेवटी त्याने बोट विकली, मला न सांगता.

आता शनिवारी शहरातली माणसं रंगीत होड्या घेऊन येतात. पर्नेल गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यांच्या होड्या धरतो, हात देऊन एकेकाला आत बसवतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. परवा मला राहवलं नाही. रस्त्यावरूनच ओरडले, "लाज नाही वाटत? ज्यांच्यापायी घरी बसलास, त्यांचीच चाकरी करतोस?"

त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"गप बस, इडेला. तेवढा वेळ तरी पाय पाण्यात असतात माझे."