शेवंताबाईंचा आवाज

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. सख्ख्या भावाजवळही नाही. तुम्हाला सांगतेय, पण जरा सावकाश सांगू द्या — तोंडातून सरळ निघत नाही.

नव्वदच्या दशकात परतूरजवळच्या एका वृद्धाश्रमात मी देखरेखीला होते. नवऱ्यानं सोडलेली, मूलबाळ नाही, राहायचीही तिथंच. तिथं राहणाऱ्या कौसामावशींचे दोन्ही डोळे गेलेले. पुतण्यानं आणून सोडलं, त्यानंतर त्यांच्याकडं कुणी फिरकलं नव्हतं. माझ्याकडं तरी कोण येत होतं? दुपारी जेवणं उरकली की मी त्यांच्या खाटेवर जाऊन बसायची. त्या चाचपत माझ्या केसांना तेल लावायच्या, 'पोरी' म्हणायच्या. मला पोरी म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी एकदा छोटा टेपरेकॉर्डर आणि कानांवर बसणारे हेडफोन आणले. म्हणाले, दोन्ही कानांत गावचे आवाज भरले की माणसाला गावातच बसल्यागत वाटतं, जीव रमतो. मावशींचं गाव वाटूरच्या पुढं. मी एसटीनं गेले. शेळ्या, हातपंप, पिठाची गिरणी — सगळं भरून घेतलं. शेवटी त्यांची धाकटी बहीण भेटली, शेवंताबाई. इतकी वर्षं लेकीकडं परगावी होती, नुकतीच परत आल्ती. गुडघे गेलेले, चालवत नव्हतं. टेपवर वाकून म्हणाली, "अक्का, मी आता एकलीच हाय. तू ये. इथंच राहू दोघी."

परत येताना एसटीत मला काय वाटलं? आनंद? नाही — भीती. मावशी गावी गेल्या तर माझ्या दुपारींचं काय?

आल्या आल्या मी दार लावलं आणि तेवढ्या भागावर नुसती शांतता भरली. बहिणीचा आवाज पुसला.

मावशींना हेडफोन लावले. शेळी ओरडली तसा त्यांनी हात पुढं करून तिला हाकललं. हातपंप वाजला तर पाय आखडून घेतले, पाणी उडेल म्हणून. मग टेप गप्प झाली. त्या थांबून राहिल्या.

"शेवंता आली न्हाई का गं गावात?"

"न्हाई मावशी. लेकीकडंच आहे."

पुढं शेवंताबाईंनी बाजाराला आलेल्या माणसाजवळ निरोप धाडला, अक्का कधी येणार म्हणून. मी त्याला फाटकातूनच सांगितलं — त्या यायला तयार नाहीत. मावशींच्या कानावर घातलंच नाही. दुपारी मात्र जाऊन बसले, केसांना तेल लावून घेतलं. कसं बसवलं मला? पण बसले.

पुढच्या थंडीत मावशी गेल्या. शेवंताबाई जीप करून आल्या. आश्रमातल्या दोघींनी धरून त्यांना आत आणलं. बहिणीजवळ टेकल्या. मग मला विचारलं, "रुसली होती का गं माझ्यावर?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी म्हणाले, "हो."

त्यांनी अक्काच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माफी मागितली. मी शेजारीच उभी होते.