एकोणतीसचा पाढा

डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवून आमचा कोच त्याचा चेहरा स्वतःकडे वळवायचा आणि विचारायचा, "आज वार कोणता?" नव्या खेळाडूला हसू यायचं, कारण आमचे सामने शनिवारीच असत. तो मात्र हसत नसे. "समोर कोण खेळतंय? स्कोअर काय?" आणि शेवटी, "आता तुझं ते म्हणून दाखव."

हायडेलबर्गमध्ये रग्बी जुनंच, पण ते पंधरा जणांचं. आमचं तेरा जणांचं, रग्बी लीग. जर्मनीत ते फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं. दोन हजार चार-पाचच्या सुमारास आमच्या छोट्या क्लबाने उत्तर इंग्लंडमधून या माणसाला कोच म्हणून आणलं. तिकडे तो अठरा हिवाळे पगारी खेळाडू होता. नाक तीनदा मोडलेलं, डावा कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. कारकिर्दीबद्दल विचारलं की म्हणायचा, "मी बऱ्याच जणांना पाडलं, बऱ्याच जणांनी मला पाडलं. झालं. पळा आता."

त्याच्या काळी डोक्याला मार लागला की तोंडावर गार स्पंज दाबून खेळाडूला परत आत ढकलत. तो स्वतः कितीदा असा ढकलला गेला, ते त्यालाही सांगता यायचं नाही. म्हणून आमच्यासाठी त्याची एक वही होती. प्रत्येकाने आपापल्या भाषेतलं, म्हणताना डोकं चालवावं लागेल असं काहीतरी त्यात लिहून द्यायचं. आमचा जर्मन कॅप्टन महिने उलटे म्हणायचा. मी एकोणतीसचा पाढा रोमन लिपीत लिहून दिला.

"एवढा हिशेब तोंडी?" ओळींवरून बोट फिरवत तो म्हणाला. "मला कागदावरही जमणार नाही."

मराठी शाळेत शिकला असाल तर पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. तो हिशेब नसतोच. संध्याकाळी मांडी घालून तीसपर्यंत घोकलेले पाढे झोपेतून उठवलं तरी येतात. हे त्याला सांगायचं राहून गेलं, असं मी इतकी वर्षं मनाला सांगत आलो. राहून गेलं नव्हतं. कौतुक आवडलं होतं.

तो तेव्हाच विसरायला लागला होता. शिट्टी गळ्यात असताना खिसे चाचपायचा. कुणी बोट दाखवलं की "आल्झो!", म्हणजे "हं, तर मग!", म्हणून आमच्याबरोबर हसायचा. जर्मनचे त्याला चार-पाचच शब्द यायचे, त्यातला हा लाडका. आम्ही जरा जास्तच हसायचो.

त्या शनिवारी पुण्याहून आलेले माझे सासरे माकडटोपी घालून पलीकडच्या बाजूला उभे होते. अख्खा सीझन राखीव बसल्यावर मी पहिल्यांदाच सुरुवातीच्या तेरांत होतो. "जावईबापू, दाखवा हिसका!" ते ओरडले. दहाव्या मिनिटाला एकाचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. सगळं पांढरं झालं. कडेला आणून बसवलं, तेव्हा हनुवटीखाली ती बोटं आली.

"वार?"

"शनिवार."

"समोर कोण?"

नाव येईना. "पाढा विचार की," मी म्हटलं.

त्याने वही उघडली. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, सोळोदरसे... धडाधड, एकही चूक नाही. तो माझ्या डोळ्यांत बघत राहिला. "नक्की?"

"गेनाऊ, अगदी नक्की," मी म्हटलं. मला आत जायचं होतं.

पाच मिनिटांनी मी मैदानात ओकलो आणि तिथेच आडवा झालो. डोक्यात थोडा रक्तस्राव झाला होता. आठवडाभर हॉस्पिटलात काढला.

पुढे क्लबच्या कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष माझ्याच ऑफिसातले, माझे वरिष्ठ. त्याच महिन्यात माझं काँट्रॅक्ट कायम व्हायचं होतं. त्यांनी विचारलं, "परत आत सोडण्याआधी कोचने तुम्हाला तपासलं होतं का?" हो म्हटलं असतं, तर मी त्याला कसं चकवलं तेही सांगावं लागलं असतं. आणि आमचं बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं.

"आठवत नाही," मी म्हणालो.

डोक्याला मार लागलेल्या माणसाचं हे उत्तर कोण खोटं पाडणार? मला सगळं आठवत होतं. त्याची बोटं गार होती, हेसुद्धा.

कोच समोरच बसला होता. मला वाटलं, तो आवाज चढवेल. त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, घाबरला होता. "मी विचारलं असं मला वाटत होतं," तो हळूच म्हणाला. "पण हल्ली माझं... याला आठवत नसेल, तर नसेलही विचारलं."

मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसलो. त्याला त्याच बैठकीत काढलं.

इंग्लंडला परतण्याआधी तो घरी आला. बायकोने पोहे केले, ते त्याने मन लावून खाल्ले. जाताना दारात माझा हात धरून म्हणाला, "माफ कर मला. डॉक्टर सांगेपर्यंत खेळू नकोस." मी म्हटलं, "अरे, असू दे." हो, मीच त्याला माफ केलं.

चार वर्षांनी कॅप्टनकडून नंबर घेऊन एका रविवारी दुपारी फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. मी कोण ते सांगितलं आणि मग न थांबता सगळंच.

"तिकडून आल्यावर त्याने गाडी चालवणं सोडलं," ती म्हणाली. "नातू झाला, त्याला कधी कडेवर घेतलं नाही. म्हणायचा, माझा काय भरवसा. मी म्हणायची, अरे, एक चूक होते माणसाची. मीसुद्धा चूकच म्हणत होते." मग म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस तर त्याच्या उपयोगी पडलं असतं. आता त्याला मीही रोज ओळखू येत नाही."

मी माफी मागू लागलो. "ते राहू दे," ती म्हणाली. "थांब, त्याला सांगते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मग तिचा मोठा, सावकाश आवाज: तू विचारलं होतंस. जर्मनीतल्या त्या मुलाला तू विचारलं होतंस, तो खोटं बोलला. तुझं काही चुकलं नव्हतं.

मग त्याचा आवाज, पूर्वीपेक्षा बारीक.

"आणि तो मुलगा? तो बरा आहे ना आता?"