बोंबलावरचा आळ

हे मी आजवर कुणाशीच बोललेले नाही. नवऱ्याशीही नाही. आणि तो माझ्याशी इतकं बोलतो, की मध्येच एखादं वाक्य सरकवून द्यायला मला हजार वेळा जागा होती. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखत असता तर याही वेळी मी विषय बदलला असता, त्यात मी पटाईत आहे.

गोष्ट कुत्र्याची आहे. म्हणजे — कुत्र्यापासून सुरू होते.

नव्वदनंतरची ती पहिली काही वर्षं. नवीन पनवेलमध्ये दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. मी, नवरा, माझे सासरे अण्णा आणि टिप्या. टिप्या अण्णांचा. गिरगावातली जागा सोडून इकडे यायचं ठरलं, तेव्हा अण्णांनी एकच अट घातली होती, कुत्रा बरोबर येईल. आला. तेव्हा तरणा होता, उड्या मारत जिना उतरायचा. मग म्हातारा झाला, मागचे पाय धरले. उठताना कण्हायचा. मोझॅकच्या गुळगुळीत लादीवर उभा राहायला गेला की चारी पाय चार दिशांना. म्हणून आम्ही घरभर गोणपाटं अंथरली. घर कसलं, रेशनचं दुकान झालं होतं.

आणि हे सगळं निस्तरायचं कुणी? नवरा पहाटे मुंबईला जायचा, तो दिवेलागणीनंतर उगवायचा. अण्णांचे स्वतःचेच गुडघे गेलेले. राहिलं कोण? पोटाखालून जुना टॉवेल घालून त्याचं मागचं धड उचलायचं, दोन मजले खाली न्यायचं, दोन मजले वर आणायचं. मग साडी बदलून शाळेत पळायचं. गावातल्या एका शाळेत मी क्लार्क होते. रोज उशीर, आणि रोज हेडमास्तरांचं ते न बोलता घड्याळाकडे बघणं. घरी यावं तर त्यानं गोणपाटावर करून ठेवलेलं. ते धुवायला नळाला पाणी नाही. वैताग यायचा मला, रडू येण्याइतका. कुत्र्याचा नाही, परिस्थितीचा — असं मी तेव्हा स्वतःला सांगायचे. खरं सांगू? कुत्र्याचाही यायचा.

गुरांच्या दवाखान्यात त्याला दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले, सांधे झिजलेत, भरून येणार नाहीत, पण दुखणं कमी करता येईल. भात कमी करा, वजन उतरवा. गरम पिशवीनं शेका. जिने टाळा. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला हे सांगायचं! एक पावडर दिली, जेवणातून घालायची, गुण यायला वेळ लागेल म्हणाले. आणि निघताना बजावलं, की माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या चुकूनही देऊ नका, कुत्र्याच्या पोटाला त्या सोसत नाहीत.

हे शेवटचं मी घरी येऊन अण्णांना ठणकावून सांगितलं, कारण अण्णा मला माहीत होते. गुडघ्यांसाठी ते रोज एक पिवळी गोळी घ्यायचे आणि थोड्या वेळात उठून फिरायला लागायचे. म्हणालेच ते, "अगं, माझ्यातली अर्धी त्याला दिली तर?" मी असा आवाज चढवला की विचारू नका. "डॉक्टर नको म्हणालेत ना? जीव घ्यायचाय का तुम्हाला त्याचा?" नवऱ्यासमोर म्हणाले मी हे, शेजारच्या वहिनींसमोर म्हणाले. अण्णा ओशाळले. दुसऱ्या दिवशी गोळ्यांचं पाकीट त्यांनी आपणहून माझ्या कपाटात ठेवायला दिलं. टिप्या कण्हायला लागला की आपला हात आवरणार नाही, अशी त्यांना भीती होती. माझ्या हाताची भीती त्यांना वाटली नाही.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. तरी मला ते माझ्या तोंडानं सांगायचंय.

शाळेत तपासणी यायची होती. उशीर चालणार नव्हता. त्या सकाळी टिप्या जिन्याच्या तोंडाशी बसकण मारून बसला. मी ओढलं, तो विव्हळला. मी आत गेले, पाकिटातली गोळी काढली, मोडली, तूप लावलेल्या पोळीच्या घडीत घातली. मला डॉक्टरांचे शब्द आठवत नव्हते का? चांगले आठवत होते. एका अर्ध्या गोळीनं काय होतंय, असं म्हटलं मी मनात. आणि काही झालं नाही! उलट तो चालायला लागला. दुसऱ्या दिवशी जिना स्वतःचा स्वतः उतरला, शेपूट हलवत.

अण्णांना कोण आनंद. पावडर लागू पडली म्हणाले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, सुनेनं शेक दिला मनापासून. मी ते कौतुकही घेतलं. तपासणी आली आणि गेली, तरी गोळी चालूच राहिली. अर्धीची सबंध झाली. का? कारण मी वेळेवर शाळेत पोचत होते. कारण माझी कंबर दुखत नव्हती. त्याचं दुखणं थांबावं म्हणून दिली, असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

मग त्यानं खाणं सोडलं. उलट्या झाल्या, डांबरासारखी काळी शी झाली. रिक्षावाला कुत्रा घेईना, म्हणून टांगा केला. अण्णा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि टांग्याला खड्डा लागला की टांगेवाल्याऐवजी माझ्यावर चिडले. मी एरवी उलट बोलले असते.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. म्हणाले, "आतून रक्त जातंय. घरातली काही गोळी-बिळी दिलीत?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णाच म्हणाले, "छे, हिनं तर मलासुद्धा हात लावू दिला नाही."

डॉक्टर तरी माझ्याकडेच बघत राहिले. आणि मी म्हणाले, "नाही." इतकं सोपं होतं ते. आदल्या महिन्यात ज्या तोंडानं अण्णांना झापलं होतं, त्याच तोंडानं म्हणाले.

"मग खाण्यात काही वेगळं?"

अण्णांचा चेहरा उतरला. करंजाहून हिराबाई नावाची कोळीण आमच्या वसाहतीत सुकी मासळी घेऊन यायची. अण्णांना भाजलेला सुका बोंबील आणि भाकरी मिळाली की दुसरं काही नको असायचं, आणि बोंबलाची मुंडकी टिप्याला. वर्षानुवर्षं. "काटा लागला असेल का हो?" अण्णांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "असू शकेल." त्यांनी तरी दुसरं काय म्हणावं? कशानं झालं ते कळलं असतं तर उपाय नेमका करता आला असता, म्हणाले. आता अंदाजानंच औषध द्यायचं. वय झालेलं, सांधे गेलेले. किती ओढायचं ते तुम्ही ठरवा.

अण्णांनी मला विचारलं. त्यांचा कुत्रा, पण विचारलं मला. "तू सांग. तू एवढं केलंस त्याचं."

अजूनही बोलता आलं असतं. बोलले असते तर वाचला असता का? माहीत नाही. वाचला असता कदाचित, म्हणूनच तर बोलले नाही. तो जगला तर डॉक्टर पुन्हा विचारणार, मी पुन्हा नाही म्हणणार. शिवाय — हेही आलंच — तो जगला तर परत तो टॉवेल आणि परत तो जिना. मी म्हणाले, "सोडवूया त्याला, अण्णा. हाल नकोत." आवाज अगदी हळवा काढला मी. अण्णांनी मान हलवली. डॉक्टर सुई भरत होते तेव्हा ते टिप्याच्या कानाशी वाकून म्हणत होते, "माझं चुकलं रे, बाळा." मी तिथेच उभी होते.

काशीला जाऊन आल्यावर माणसं एखादी आवडती गोष्ट सोडतात. अण्णांनी गुरांच्या दवाखान्यातून येताना बोंबील सोडला, टिप्याच्या नावानं. नवऱ्याला आवडायचा म्हणून मी करत राहिले. तो भाजायला घेतला की अण्णा उठून गॅलरीत जाऊन बसायचे.

हिराबाईला लागलं ते. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाली, "सूनबाई, आन्ना आता माज्याशी बोलत पन नाय. माजा म्हावरा खराब लागला काय?" मी सांगितलं, डॉक्टरांनी त्यांना मीठ बंद केलंय. तिला ते पटलं नाही. पाटी उचलून गेली, आणि पुढे आमच्या मजल्यावर यायची थांबली.

बऱ्याच वर्षांनी अण्णा अंथरुणाला खिळले. जेवण जात नव्हतं. जे आवडेल ते द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका दुपारी शेजारी कुणीतरी बोंबील भाजत होतं. अण्णांनी डोळे उघडले. म्हणाले, "खावासा वाटतो गं." मी उठलेच होते. तेवढ्यात म्हणाले, "नको. त्याचा जीव गेलाय त्यानं."

डब्यात बोंबील होते. गॅस तिथेच, भिंतीपलीकडे. घरात आम्ही दोघंच. बोंबलानं नाही अण्णा, मी दिलेल्या गोळीनं — एवढंच म्हणायचं होतं. तो माणूस जेवला असता.

मी म्हणाले, "बरं, नको तर नको," आणि पेजेचा चमचा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत. बोंबील मी अजूनही आणते, भाजते, भाकरीबरोबर खाते. घशात कधी अडकलेला नाही.