कुंदाचं साक्षगंध आणि कारखान्याची मशीन

मॅटॅडोर सुरू झाली तेव्हा माझ्या मांडीवर दोन वस्तू होत्या. उजवीकडे नवरदेवाच्या कपड्यांचं ताट, रंगीत कागदात बांधलेलं. डावीकडे ऑसिलोस्कोप. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची नाडी पाहायचं यंत्र. त्याचा आकार ट्रंकेएवढा आणि स्वभावही ट्रंकेसारखाच, कुठेही नीट बसत नाही.

"ते डबडं काहून घेतलं गा सोबत?" आईनं विचारलं.

"रस्त्यात एक कारखाना लागते. पाच मिनिटांचं काम आहे."

माझी बायको सुशीला खिडकीबाहेर पाहू लागली. माझी पाच मिनिटं केवढी असतात हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

मी एका कॉम्प्युटर कंपनीचा नागपूरचा सर्व्हिस इंजिनियर होतो. टीव्ही नुकता घरोघरी दिसू लागला होता, कॉम्प्युटर मात्र अख्ख्या जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतके. एकेक गोदरेजच्या कपाटाएवढा, आणि त्याच्यासाठी एसीची स्वतंत्र खोली. तो बंद पडला की मला बोलावणं. आज चंद्रपूर, उद्या अमरावती, परवा बिलासपूर. "तुझे बाबा काय करतात?" असं शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या मुलीनं "येतात" असं उत्तर दिलं होतं.

त्या दिवशी दसरा होता आणि आम्ही भिवापूरला माझ्या धाकट्या बहिणीच्या, कुंदाच्या, साक्षगंधाला निघालो होतो. पुण्या-मुंबईकडे ज्याला साखरपुडा म्हणतात ते आमच्याकडे साक्षगंध. मुलाची आजी प्रवास करू शकत नव्हती, म्हणून कार्यक्रम त्यांच्या घरी. आमचे वडील नव्हते, तेव्हा सगळं थोरल्या भावानं, म्हणजे मी करायचं. पण मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला हा थोरला भाऊ बिलासपूरला एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसला होता. मुलाचे वडील बोरकर गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. ते तेव्हा आईला म्हणाले होते, "साक्षगंधालेही भाऊ वेळेवर आला नाही, तर आम्ही समजून घेऊ. काय समजून घेऊ, ते तुम्ही समजून घ्या."

वेळही त्यांनीच ठरवली होती. गाव सोनं लुटायला निघेल त्याच्या आत सगळं आटोपलं पाहिजे.

आणि नेमका सकाळी शेजारच्या डॉक्टरांकडे मुंबईच्या बॉसचा ट्रंककॉल आला.

"उमरेड रोडच्या कागद कारखान्याची मशीन काल संध्याकाळपासून सारखी बंद पडते आहे. गेटवर ट्रक अडकलेत."

"सर, आज माझ्या बहिणीचं साक्षगंध आहे."

"कुठे?"

"भिवापूर."

"अरे वा, मग रस्त्यातच आहे की! जाता जाता बघून घे. बहिणीला माझे आशीर्वाद सांग."

कारखान्याच्या गेटवर खरंच ट्रकांची रांग होती. गेटपास छापायचं काम त्या मशीनकडे, आणि गेटपासशिवाय ट्रक हलत नव्हता. ड्रायव्हर लोक कॉम्प्युटरच्या आईबापांचा उद्धार करत होते. मॅनेजर देशमुख साहेब धावत आले. मॅटॅडोरमधून रेशमी साडीतली कुंदा, ताटं, मिठाईच्या टोपल्या आणि सगळ्यांत शेवटी आई उतरलेली पाहून म्हणाले, "एवढा स्टाफ आणला?"

मंडळींना कॅन्टीनमध्ये बसवलं आणि मी मशीनच्या खोलीत गेलो. ऑपरेटर लांजेवार दारातच हात जोडून उभा. मोठा सज्जन माणूस. मशीनला तो 'बाई' म्हणायचा. "बाई आज नाराज आहे, साहेब."

मी बटण दाबलं. बाई सुरू झाली. इतकी गोड चालली की काय सांगू. मी सप्लाय तपासला. आतली कार्डं, म्हणजे छोट्या छोट्या सर्किटच्या पाट्या, काढून पुसून परत बसवल्या. ऑसिलोस्कोप लावला. नाडी उत्तम. गेटपास धडाधड छापून निघू लागले.

"आता काही होत नाही," असं मोठ्या तोऱ्यात सांगून मी निघालो.

पुढच्या गावापर्यंत पोचलो नाही तोच मागून जीपचा भोंगा. देशमुख साहेब जीपमधून अर्धे बाहेर लटकून हात हलवत होते. "बंद पडली! चला!"

आलो परत. बटण दाबलं. बाई पुन्हा सुरू. पुन्हा तीच गोडी. मी पुन्हा सगळं तपासलं, जरा जास्तच गंभीर चेहऱ्यानं. काही सापडेना. खाली कॅन्टीनमध्ये कुंदानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "दादा, मी इथूनच सासरी जाऊ का?" सुशीलानं स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून माझ्या हातात बांधलं.

पुन्हा निघालो, पुन्हा मागून जीप आली. तिसऱ्यांदा मी मशीनसमोर उभा राहिलो तेव्हा मला हसू यायला लागलं. मी असलो की चालते, मी गेलो की बंद. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर पोरं हाताची घडी घालून बसतात, तशी! इन्स्पेक्टर गेल्यावर वर्गात काय चालतं, ते इन्स्पेक्टरला कधीच दिसत नाही. त्याला दुसरं कोणी तरी धाडावं लागतं.

मी कॅन्टीनमध्ये आलो. "आई, तुले कॉम्प्युटर पाहायचा होता ना?"

"मले? कधी?"

"आता. आम्ही निघतो. तू म्हण, गुडघे दुखून राहिले, थोडी बसते. मग लांजेवारकडे जा आणि सांग, लेकाची मशीन पाहायची आहे."

आईचे डोळे चमकले. माझ्यातला नाटक्या कुठून आला हे मला त्या दिवशी कळलं. तिनं तिथल्या तिथे असा काही गुडघा धरला की कॅन्टीनवाला पाणी घेऊन धावला.

आम्ही थाटात निघालो. मी लांजेवारशी हात मिळवला, देशमुख साहेबांना नमस्कार केला, ड्रायव्हरला दोनदा हॉर्न मारायला लावला. मॅटॅडोर गेटबाहेर पडली आणि गोदामाच्या भिंतीआड जाऊन थांबली.

थोड्या वेळानं आई आली. चालणं एकदम तरुण. पदरात झेंडूचं फूल, हातात पेढा.

"किती छान सजवली वं!" ती सुशीलाला सांगू लागली. "असा जरीचा शेला पांघरला आहे वरून. आणि समोर झेंडूचा हार, जाड, पार जमिनीपर्यंत. मी नमस्कार केला. तो लांजेवार लय भला माणूस आहे."

मी कपाळाला हात लावला आणि धावत सुटलो.

आता हे जरा सोपं करून सांगतो. त्या मशीनच्या पोटात फार उष्णता तयार होते. समोरच्या जाळीतून पंखे थंड हवा आत ओढतात, वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर जाते. समोर हार, वर शेला, म्हणजे माणसाच्या नाकातोंडावर उशी. आत ठराविक गरमी झाली की एक सुरक्षेचा स्विच मशीन बंद करतो. थंड झाली की ती पुन्हा चालायला तयार. खंडेनवमीला या लोकांनी तिची यथासांग पूजा मांडली होती. मी येतो आहे कळलं की हार-शेला कपाटात. मी गेलो की परत अंगावर!

मी दारात उभा राहिलेला पाहून लांजेवारचा चेहरा पडला.

"लांजेवार, हे काय?"

"साहेब, पूजा आहे. नवमीले मांडली की दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायची नसते. तुम्ही रागवाल म्हणून फक्त तुमच्यासमोर काढत होतो. देवीची माफी मागून."

"मी किती वेळा सांगितलं, या खोलीत..."

"अगरबत्ती नाही लावली, साहेब!" तो कळवळून म्हणाला. "तुम्ही मागच्या वर्षी धूर नको म्हटलं, तर या वर्षी नाहीच लावली!"

मी हार काढायला हात पुढे केला, तर तो डोळे मिटून उभा. पूजा अशी मधेच मोडायची त्याची छाती होईना. तेवढ्यात मागून आई आली. तिनं माझी टूलबॅग उचलली, टेबलावर ठेवली आणि लांजेवारला म्हणाली, "बापू, हत्यार ते हत्यार. पूजा इकडे घे. हलवायची नाही, सरकवायची."

शेला बॅगेवर आला, हार बॅगेला पडला. बाई मोकळ्या नाकानं सुरू झाली. ट्रक हलले. टूलबॅग अर्थातच तिथेच राहिली, कारण संध्याकाळपर्यंत तिला हात लावायला लांजेवारनं मला मनाई केली.

भिवापूरला पोचलो तेव्हा गाव नवे कपडे घालून निघायच्या तयारीत होतं. बोरकर गुरुजी दारात उभे.

"कारण?" त्यांनी एवढंच विचारलं. शाळेत उशिरा आलेल्या पोराला विचारावं तसं.

मी सगळं खरं सांगितलं. हार, शेला, सगळं.

"इतकी वर्षं शाळा चालवली मी," गुरुजी म्हणाले, "पण असं कारण एकाही पोरानं दिलं नाही. हारानं कुठं यंत्र बंद पडते का?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात त्यांच्या मागे बैठकीत माझी नजर गेली. स्टुलावर नवा कोरा टीव्ही. त्याच्यावर पाठीमागून पुढे ओढलेला शेला, वर झेंडूचा हार. पडदा काळा. समोर पाहुणे तोंडं पाडून बसलेले.

"टीव्हीले काय झालं?" मी निरागसपणे विचारलं.

नवरदेव हळूच म्हणाला, "मॅच चालू होती. चित्रच गेलं. टॉवरचा प्रॉब्लेम असेल."

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी टीव्हीकडे पाहिलं.

"काढून पाहा," मी म्हटलं.

"आणि नाही लागला तर?"

"तर समजून घ्या."

कुंदानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं लग्न जुगारात लावलं होतं. गुरुजींनी स्वतः नमस्कार करून शेला उचलला. टीव्हीची पाठ तव्यासारखी तापली होती. आईनं हातपंखा घेतला आणि टीव्हीला वारा घालत बसली. सुशीला माझ्या कानात कुजबुजली, "याच्यात दुसरा काही बिघाड नाही ना?"

ते मलाही माहीत नव्हतं.

पाठ गार झाल्यावर गुरुजींनी बटण फिरवलं. आधी घरघर. मग मुंग्या. मग त्या मुंग्यांमधून एक बॉलर धावत आला.

सगळी बैठक ओरडली. गुरुजी मात्र माझ्याकडे वळून, हेडमास्तरी आवाजात म्हणाले, "बसा. कारण मंजूर."

गाव सोनं लुटायला निघालं तेव्हा कुंदाच्या बोटात अंगठी होती.

दुसऱ्या दिवशी बॉसचा फोन. "फॉल्ट काय होता?"

"हवा अडली होती, सर."

"कशानं?"

"भक्तीनं."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. ट्रंककॉलचा खर्च कंपनीचा, म्हणून मीही घाई केली नाही.

या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकलो. बिघाड सापडत नसेल, तर आपण नसताना मशीन कशी दिसते ते पाहून यावं. सुशीलानं दुसरीच गोष्ट उचलली. पुढच्या खंडेनवमीला मी घरी आलो, तर माझी टूलबॅग देव्हाऱ्यापुढे, हार घालून बसलेली. दसऱ्याला सकाळी बॉसचा फोन आला, चंद्रपूरला ताबडतोब निघ म्हणून. मी सुशीलाकडे पाहिलं.

"संध्याकाळपर्यंत हलवायची नसते," ती म्हणाली आणि पुरण वाटायला निघून गेली.